दूध उशिरा घालणारा माणूस

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावी हुमणीच्या बंदोबस्ताबद्दल माहिती द्यायला गेलो होतो. सभा आटोपेपर्यंत दिवस मावळला. एस.टी.ला अवकाश होता म्हणून दूध डेअरीच्या ओट्यावर सेक्रेटरींबरोबर चहा घेत बसलो. दूध घालणाऱ्यांची रांग संपली, बायका-पोरे रिकाम्या किटल्या हलवीत घरी गेली, सेक्रेटरींनी फॅटचे मशीन पुसून झाकून ठेवले. तरी ते दार काही लावीनात. "कुणाची वाट बघताय?" म्हणून विचारले, तर म्हणाले, "एक जण यायचाय, साहेब. दीड महिना झाला, समदी गेल्याबिगर येतच न्हाई त्यो."

थोड्या वेळाने अंधारातून एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या आतले. त्यांना आपण तात्या म्हणू. त्यांनी किटली ठेवली, माप झाले, पावती खिशात घातली आणि मान वर न करता ते निघून गेले. सेक्रेटरींशी 'राम राम'ही नाही.

हेच तात्या गावच्या भजनी मंडळात वीस वर्षे पखवाज वाजवीत होते. सप्ताह बसला की मंडपापासून पंगतीपर्यंत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. मग झाले काय? दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे गेले. सोसायटीचे कर्ज थकले. त्यावर गावातल्याच दोघांकडून हातउसने घेतले, तेही फिटेना. ते दोघे संध्याकाळी डेअरीवर भेटत, म्हणून तात्यांनी डेअरीची वेळ बदलली. पुढे पारावर बसणे सुटले. एकादशीचे भजन सुटले. भावकीतल्या लग्नाला आहेर करायला पैसे नाहीत म्हणून लग्नाला जाणेही सुटले. एकेक दोर कापत कापत तात्या गावात राहून गावाबाहेर गेले होते.

आपल्या गोठ्यातले जनावर रवंथ करीना, किंवा कळप सोडून बाजूला मान घालून उभे राहिले, तर ते आजारी आहे हे शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या मुलालाही कळते. आपण लगेच त्याचे कान चाचपतो, डॉक्टरला बोलावतो. पण माणूस असा बाजूला जाऊन उभा राहिला तर आपण काय म्हणतो? "त्याला माज आलाय," "तऱ्हेवाईक झालाय," नाही तर "असंल त्याचं काही, आपल्याला काय करायचंय."

मी शेतीचा पदवीधर, मनाचा डॉक्टर नव्हे. पण तात्यांना पाहिल्यापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, जाणत्या डॉक्टरांना विचारत गेलो. त्यांतले थोडे वाचकांपुढे ठेवतो.

फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्येवर एक ग्रंथ लिहिला. जीव देणे ही ज्याची त्याची खासगी बाब, असे तोवर मानले जाई. त्यांनी सरकारी आकडे तपासून दाखविले की घरदार, मुलेबाळे, धर्मसमाज यांच्याशी ज्यांचे धागे घट्ट विणलेले असतात त्यांच्यात हे प्रमाण कमी असते आणि सुट्या पडलेल्यांत जास्त. पुढे २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे लोकांशी संबंध बळकट होते ते त्या काळात जगून राहण्याची शक्यता, एकटे पडलेल्यांपेक्षा सुमारे दीडपट निघाली. म्हणजे हा प्रश्न मनाचा खराच, पण आयुष्याच्या दोरीचाही आहे.

मला अधिक विचार करायला लावला तो इंग्लंडमधल्या एका पाहणीने. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढच्या चार हजारांवर लोकांची ही माहिती होती. ज्यांना पूर्वी उदासीनतेचा आजार होऊन गेला होता आणि जे कुठल्याच मंडळात किंवा संघात नव्हते, त्यांपैकी जे एखाद्या गटात जाऊ लागले त्यांना आजार उलटण्याचा धोका शेकडा २४ ने कमी झाला. जे तीन गटांत गेले त्यांचा शेकडा ६३ ने. शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको. ज्याच्या रानात तुरीबरोबर मूगही आहे आणि गोठ्यात दोन शेळ्या आहेत, त्याचे एक पीक गेले तरी वर्ष निभते. मनाचेही तसेच असावे. भावकीत वाजले तरी भजनी मंडळ असते, तिथे रुसवाफुगवी झाली तर सोसायटी, नाही तर तालमीतली जुनी मंडळी असतात. तात्यांचे अवघड हे झाले की त्यांच्या सगळ्या ठिकाणी माणसे तीच होती. एका ठिकाणी तोंड चुकवायची वेळ आली आणि सगळीच दारे लागली.

पूर्वी असे नव्हते, असे जुनी माणसे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे इर्जिक होई. एकाच्या रानात आठ-दहा जोड्या एका दिवशी चालत आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. खुरपणीला सावड. कुठे त्याला पैरा म्हणतात, कुठे बैलांच्या जोडीपुरता वारंगुळा. एखादा सकाळी आला नाही तर जोडी अडे, म्हणून तो का आला नाही हे पाहायला कुणीतरी जाईच. आता ट्रॅक्टरने तासाभरात नांगरट होते आणि मळणीयंत्र दुपारी येऊन संध्याकाळी जाते. मी ट्रॅक्टरला दोष देणार नाही, त्याने माणसांच्या आणि बैलांच्या कंबरा वाचविल्या. आणि सावड ही बरोबरीच्यांची असे, हेही विसरू नये. ज्याच्याकडे ना रान ना बैल, त्याला सावडीत कोण घेत होते? त्याच्या घरी कुणी डोकावले नाही, तेव्हाही नाही.

पण एक गोष्ट खरी. सावडीत कुणी कुणाला "तुझे मन कसे आहे?" असे विचारत नसे. काम अडल्यामुळे चौकशी होई. माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत, आपली पाळी आहे, आपण नसलो तर कुणाला तरी ते जाणवेल, याचा आधार वाटतो. नुसती गर्दी हा आधार देत नाही. आठवडी बाजारात हजार माणसांच्या धक्क्यात माणूस एकटा असू शकतो.

हे मी माझ्याच चुकीवरून शिकलो. एका वर्षी मार्चअखेर उद्दिष्ट गाठायचे म्हणून मी बावीस शेतकरी गट स्थापन केले. सह्या घेतल्या, शिक्के केले, फोटो काढले. पुढच्या वर्षी पाहतो तर तीन जिवंत. त्या तिघांत काय होते ते पाहिले. एका गटाची सामाईक विहीर होती, पाण्याच्या पाळीसाठी त्यांना आठवड्यातून भेटणे भागच होते. दुसऱ्यातले शेतकरी डाळिंब एकाच गाडीतून बाजाराला पाठवीत. तिसरा गट निव्वळ संध्याकाळी पत्ते खेळणाऱ्यांचा होता. त्यांना मी उगाच हिणवीत असे. बाकीचे एकोणीस गट कागदावर जन्मले आणि कागदावरच वारले.

गटाचा आणखी एक गुण आहे, तो शेतीशाळेत डोळ्यांनी पाहायला मिळतो. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कापसाची जी दैना केली ती विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. बोंड वरून हिरवेगार, फोडले की आत अळी आणि सरकी खाल्लेली. त्या वर्षी तिकडच्या माझ्या एका सोबत्याच्या शेतीशाळेत मी गेलो होतो. एक तरुण शेतकरी मागे उभा राहून मुकाट ऐकत होता. आपण बियाणे चुकीचे घेतले, आपली फवारणी चुकली, वडिलांनी सांभाळलेले रान आपण घालवले, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून पाच रानांतली बोंडे फोडून पाहिली. पाचही रानांत तीच अळी. नुकसान तेवढेच राहिले, रुपयाही परत आला नाही. पण जाताना तो पुढच्या रांगेतल्यांशी बोलत गेला. आपत्ती सगळ्यांवर आली हे कळले की ती आपल्या नालायकीची शिक्षा वाटत नाही. घरात दार लावून बसलेल्या माणसाला हे कळण्याची सोयच नसते.

आफ्रिकेतील युगांडा देशात शेतीवर जगणारी खेडी आहेत. एड्सच्या साथीने तिथली घरेच्या घरे बसली. तिथल्या तीस खेड्यांत झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या खेड्यांत खचलेल्या माणसांचे छोटे गट केले, पुरुषांचे वेगळे आणि बायकांचे वेगळे. चालवणारी माणसे त्याच भागातली, शिकवून तयार केलेली. डॉक्टर नव्हेत. आठवड्यातून एकदा दीड तास बसायचे, असे सोळा आठवडे. सुरुवातीला या गटांतल्या शेकडा ८६ जणांना तीव्र उदासीनता होती, शेवटी ती शेकडा सहा-सातांतच उरली. जिथे गट नव्हते तिथेही काळाने थोडी भर घातली, पण निम्म्याहून अधिक माणसे तशीच राहिली. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांतही गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून, छोट्या बैठका घेऊन असेच काम झाले. त्याचा अहवाल २०१७ साली आला. मनाच्या दुखण्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा चारवरून सत्ताविसांवर गेले. दुखणे होतेच, त्याला नाव मिळाले आणि बोलायला जागा मिळाली.

आता भगिनींविषयी. पाणी आले तशी आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे गावठाण सोडून रानात वस्तीवर राहायला गेली. शेतीच्या दृष्टीने सोयीचेच. पुरुष दूध घालायला, खत आणायला, सोसायटीत गावात जातोच. घरातली बाई मात्र गोठा, चूल आणि रान यांतच फिरते. नळ दाराशी आला हे चांगलेच झाले, डोक्यावरचा हंडा उतरला. पण पाणवठ्यावरचे बोलणेही त्याबरोबर गेले. नव्या सुनेला तर दिवसचे दिवस सासूशिवाय दुसरे तोंड दिसत नाही. डोके दुखते, छातीत धडधडते, झोप नाही, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांत अशा वस्तीवरच्या किती असतात ते डॉक्टरांना विचारून पाहा.

महिला बचत गटांकडे मी सुरुवातीला कर्ज मिळविण्याचे साधन म्हणूनच पाहत असे. १९९२ पासून नाबार्डने गटांना बँकांशी जोडले, पैशाची सोय झाली, एवढेच मला दिसे. पण "गटाची मीटिंग आहे" हे घराबाहेर पडण्याचे असे कारण आहे की ज्याला खाष्ट सासूही नाही म्हणत नाही! शेजारणीकडे गप्पा मारायला निघालेल्या सुनेला दहा प्रश्न विचारले जातात, मीटिंगला निघालेलीला एकही नाही. महिन्यातून दोन तास ती कुणाची सून किंवा आई म्हणून बसत नाही, अध्यक्ष किंवा सचिव म्हणून बसते.

एका गावात घरधन्याने आत्महत्या केल्यावर त्याची बायको वर्षभर उंबऱ्याबाहेर आली नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावणे नाही, लग्नाकार्यात पुढे येऊ देणे नाही. दुःखाने खचलेली बाई, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या हक्काच्या सगळ्या बैठका रीतीने काढून घेतलेल्या. गटातल्या बायका सांत्वनाला जाऊन रडून आल्या, त्याने काही झाले नाही. मग एकीने वहीच तिच्या घरी नेऊन टाकली. बाई दहावी झालेली होती, आणि गटाचा हिशेब खरोखरच चुकत होता. तिने तो आठ दिवसांत जुळविला आणि चूक कुणाची तेही दाखविले, त्यावरून थोडे भांडण झाले. पण पुढच्या मीटिंगला ती स्वतः वही घेऊन आली. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. या ठरावांकडे मी समाजसुधारणा म्हणून तर पाहतोच, पण एका दुखावलेल्या मनाला पुन्हा चार बायकांत बसायची जागा देणे हे माझ्या मते औषधच आहे.

गट म्हणजे अमृत, असे मात्र मी सांगणार नाही. हाच दोर गळ्याशीही आवळला जातो. जामीनकीच्या गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात आणि कालपर्यंतच्या मैत्रिणी वसुलीवाल्या होतात. हे मी पाहिले आहे. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाचे काय होते? त्यांच्याशी बोलायचे नाही, त्यांच्या मयताला जायचे नाही. मारहाण एकही नाही, पण माणूस आतून मरतो. म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, जो २०१७ पासून अंमलात आहे. आणि रोज संध्याकाळी ढाब्यावर जमणारे चौघे हाही एक गटच, त्यात शिरलेल्याला बाहेर काढताना बायकापोरे मेटाकुटीला येतात.

घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या आबांना मी तालुक्याला माझ्याकडे आणले, कारण आई गेल्यावर गावी त्यांचे जेवणाचे हाल होत. इथे पंखा, टी.व्ही., सुनेच्या हातचे वेळेवर जेवण. तीन-चार महिन्यांत ते बोलायचे कमी झाले. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही. कोजागिरी झाली आणि दुसऱ्या दिवशीपासून पहाटे चारला ते उठून पलंगावर बसू लागले. मला वाटले, झोपेचा त्रास. आठवड्याने बायकोच्या लक्षात आले की गावी काकडा सुरू झालेला आहे. फडक्यात बांधलेले टाळ ते मांडीवर घेऊन बसत. वाजवीत नसत, शेजाऱ्यांची झोप मोडेल म्हणून. मी त्यांना गावी सोडून आलो. चुलतभावाच्या घरी जेवणाची सोय केली. जेवणाचे हाल अजूनही थोडे होतातच, पण ते पुन्हा परत यायला तयार झाले नाहीत, आणि मी आग्रह करणे सोडले.

तात्यांचे पुढे काय झाले ते राहिलेच. सेक्रेटरी आणि मंडळातले एक वयस्कर बुवा त्यांच्याकडे गेले. उपदेश करायला गेले असते तर तात्या परड्यातून निघून गेले असते. ते मंडळाचा पखवाज घेऊन गेले. वाद्या ढिल्या झाल्यात, ओढून द्या म्हणाले. तात्यांनी "ठिवा तिथं" म्हणून बोळवण केली. आठ दिवसांनी विचारले, तर हातच लावलेला नव्हता. तिसऱ्या खेपेला बुवा म्हणाले, "मग शेजारच्या गावच्या त्या पोराला देतो, त्यो वाजवतोय आता." त्या रात्री तात्यांनी वाद्या ओढल्या. मला नंतर सांगत होते, "साहेब, त्या पोरानं पुडी फाडली असती. मला लई राग आला." मी म्हटले, राग तर राग, पण आला हे बरे झाले.

नुसत्या पखवाजावर सारे निभावले असे नाही. बुवांनी त्या दोन सावकारांना बसवून मुदत घेतली. तात्यांना जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडे नेले, सात-आठ महिने गोळ्या चालल्या. त्या दिवसांत रात्री त्यांच्या मनात काय येई ते त्यांनी पुढे एकदा सांगितले. ते इथे लिहीत नाही. असे विचार घरात कुणाच्या बोलण्यात आले, तर भजनाची किंवा मीटिंगची वाट पाहू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. 'टेली-मानस'ला १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सोय आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

कर्ज पुरते फिटलेले नाही. तिसरा बोअर घेऊ नका असे मी सांगितले, ते ऐकले. एकादशीला पखवाज वाजतो. दूध आता सगळ्यांबरोबर येते, आणि फॅट कमी लागली तर तात्या सेक्रेटरींशी वादही घालतात.

सेक्रेटरींना मात्र तेव्हापासून एक खोड लागली आहे. रजिस्टर मिटताना कोण उशिरा आले, कोण दुसऱ्याच्या हाती दूध धाडू लागले, यावरून ते एकदा नजर फिरवतात. परवा त्यांचा फोन आला. एक द्राक्षवाला तरुण, गेल्या हंगामात अवकाळीने बाग गेलेला, महिनाभर स्वतः डेअरीवर फिरकलेला नाही, बायकोला पाठवतो. शनिवारी तिकडे जायचे ठरले आहे. त्याची छाटणी साऱ्या शिवारात उत्तम असे, तेव्हा गावातल्या दोन पोरांना छाटणी शिकवशील का, असे विचारायला जाणार आहोत. तात्याही बरोबर येतो म्हणालेत.